वाघवाल्याचा पांढरा सदरा

ढमीच्या आईस,

मी खुशाल आहे. अस्वलाच्या पिलाचं नख हाताला लागलंय, तेवढ्यावरून जीव टांगणीला लावू नकोस.

प्राणिसंग्रहालयात आलं तेव्हा ते उंदराएवढं होतं, डोळे मिटलेले. आता डोळे उघडलेत, हिरड्या शिवशिवतात. इथे जो पिलू वाढवेल त्यानंच नाव ठेवायचं, म्हणून ढमीला मी तिच्याच नावाचा शब्द दिला होता. पण वाघांकडच्या त्या शहाण्यानं साहेबांना सांगितलं, "मीच वाढवलं." मी दातओठ खाल्ले.

नाव ठेवायला स्वारी पांढराशुभ्र सदरा घालून आली. मी पिलाला बाटलीभर दूध पाजलं, त्याच्या मांडीवर दिलं आणि हातात ओला कापूस ठेवला.

"दूध झालंय. आता रोजच्यासारखं पोटाखाली पुसा, दादा."

एवढंसं पिलू आपणहून मुतत नाही. आईनं चाटलं की मुततं. त्यानं ऐटीत पुसलं.

साहेब म्हणाले, "रोज पुसणारा आधी मांडीवर फडकं घेतो." मग माझ्याकडे वळले, "बोला, नाव काय?"

सदऱ्याचा वास अजून जात नाही म्हणे. ऐकून दोन घास जास्त जेवलो.

ढमी अजून अंथरूण ओलं करते का? रागावू नकोस तिला. ओलं करण्यानंच आपलं नाव राखलं.

तुझाच,
ढमीचा बाबा