ब्रेक लायनरचा लेख

आण्णा, तुम्ही गेल्यावर आळेफाट्याचं गॅरेज मी विकलं नाही. खाली भाड्याने टायरवाला आहे आणि वरच्या खोलीत, जिथे तुम्ही दुपारी पडायचात, तिथे माझा ब्लॉग चालतो. हा शब्द तुमच्या कानावर कधी आला नसेल. ट्रॅक्टर-ट्रकचे पार्ट मी विकत आणते, गाडीला लावून बघते आणि कोणता टिकला, कोणता फसवा निघाला ते इंटरनेटवर लिहिते. लोक पार्ट घेण्याआधी वाचतात, त्यामुळे जाहिराती येतात, त्यावर माझं आणि आईचं घर चालतं. फोटो काढायला काकांचा धाकटा मुलगा होता.

तुम्ही मला पुष्कळ मारलंत. बहुतेक वेळा कशासाठी ते आठवतही नाही, एक दिवस मात्र आठवतो. मी शाळेतून आलेली, एक ड्रायव्हर विचारतो, ब्रेक झाले का, आणि मी न बघताच झाले म्हणते. तुम्ही गाडीखालून बाहेर येता, हातात रबरी पाइप. सगळ्या गॅरेजसमोर मारत सुटता. आई मधे पडते, तिलाही बसतात. मग दम खात म्हणता, "न बघता बोलायचं न्हाई. मानूस मरतो." त्या मारामुळेच तू या धंद्यात टिकलीस, असं नातेवाईक मला सांगतात. मला ते पटत नाही. तेवढं वाक्य पाइपाशिवायही सांगता आलं असतं.

गेल्या वर्षी महाळुंगे पडवळच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. नवे ब्रेक लायनर टाकले आणि चारच दिवसांत उताराला ट्रॅक्टर थांबला नाही. त्याचा भाऊ चाकाखाली गेला. मी तेच लायनर आणले, आपल्या जुन्या ट्रॅक्टरला लावले. तापल्यावर त्या पट्ट्यांचा भुगा झाला. फोटोंसकट सगळं लिहिलं. ते विकणारा दुकानदार आधी गोडीत बोलला, वर्षभर जाहिरात देतो, लेख काढा. मी नाही म्हटलं.

मग त्याची तीन माणसं वरच्या खोलीत आली, भर दुपारी. कॉम्प्युटर जमिनीवर आपटला. फोटो काढणारा चुलतभाऊ कॅमेरा सोडेना म्हणून त्याचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. त्याची किंकाळी ऐकली आणि मी कोपऱ्यातली टॉमी, चाकं खोलायची ती लोखंडी कांब, उचलली. पहिला घाव एकाच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो पडला, तरी मी थांबले नाही. पुन्हा त्याच गुडघ्यावर, मग खांद्यावर. उरलेले दोघं जिन्यावरून पळाले. टॉमी त्याच्या डोक्यावर उगारली होती, तेव्हा भाऊ मोडका हात छातीशी धरून म्हणाला, "ताई, बास. मरंल त्यो."

मी थांबले. चौकीत दोन्हीकडच्या तक्रारी लिहून घेतल्या, केस चालू आहे. लेख अजून तिथेच आहे, जाहिराती मात्र बऱ्याच गेल्या. भावाची दोन बोटं वाकत नाहीत. काकू त्याचं सामान न्यायला आली तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बापाचाच हात हाय तुला." त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. आता फोटोही मीच काढते.

परवा ओझरला देवळात तो माणूस दिसला. काठी टेकत चालला होता, बरोबर लहान मुलगी. मला बघताच त्याने तिला पाठीमागे ओढलं. पोर त्याच्या सदऱ्याआडून माझ्याकडे बघत राहिली, काय झालंय ते न कळता, बापाला घाम फुटलाय एवढंच कळून घाबरलेली. मी बाजूला व्हायला हवं होतं. नाही झाले. तो वाट सोडून दुसऱ्या दाराने जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही. त्याची भीती बघून मला बरं वाटलं, आण्णा. त्या पोरीची बघूनसुद्धा.