एक काज सोडून

फरीदाबाद, १४ जानेवारी, संध्याकाळ

लेकीचं बोरन्हाण उरकलं एकदाचं. घरभर चुरमुरे. मृणालने पुण्याहून मुक्तासाठी काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने पाठवले होते. आपल्या आईने पाठवलेल्या त्या फ्रॉककडे मुक्ताने ढुंकूनही पाहिलं नाही. "नहीं पहनना! पीला!" म्हणजे तो पिवळा स्वेटर. आठ दिवस रोज तोच. शेवटी स्वेटरवरच हलव्याचा हार घातला आणि शेजारची चार पोरं गोळा करून तिच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतले.

त्यात ती बटणं! एक काज सोडून लावलेली, त्यामुळे एक बाजू खाली लोंबते. नीट लावायला गेलं की किंचाळते. समोरच्या आंटी म्हणाल्या, "भाईसाहब, बटन तो ठीक कर दो बच्ची के." ओशाळून पुन्हा हात लावला, तर बाईसाहेब फरशीवर आडव्या. अडीच वर्षांची पोर आणि एवढा हट्ट?

व्हिडिओ कॉलवर मृणालही तेच. "अरे, बटणं बघ ना. एवढंही जमत नाही?" मी तोडूनच बोललो. काय गरज होती?

मग चुरमुरे झाडताना आठवलं. मृणाल पुण्याच्या नोकरीवर निघाली त्या सकाळी टॅक्सी खाली हॉर्न देत होती. डोळे पुसत तिनेच मुक्ताला तो स्वेटर चढवला होता. घाईघाईत. एक काज सोडून.

उद्या स्वेटर धुवायलाच हवा. वाळला की बटणं मीच तशी लावीन. मृणालला मात्र सांगायचं नाही. ती रडेल, आणि मला इथून तिचे डोळे पुसता येणार नाहीत.