घरच्या माणसाला निमंत्रण

बंगळुरू,
८ मार्च २०२६

ती. नंदाताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

मी मजेत आहे. हंगाम संपत आला, दोनच स्पर्धा उरल्या आहेत. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. आईला सांगू नकोस, ती तेलाची बाटली घेऊन बंगळुरूला निघेल.

आता कामाचं. मे महिन्यात आपल्या वावरात होणाऱ्या गोल्फ स्पर्धेला यंदा एक सरबताची कंपनी मांडव देते आहे. त्यांना छोटी पुस्तिका काढायची आहे आणि तीत स्पर्धेचा इतिहास हवा आहे. मला चेंडू मारता येतो, इतिहास लिहिता येत नाही. तू वर्ध्याच्या शाळेत तोच शिकवतेस, तेव्हा एखादं पान तूच लिही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघं भांडतो.

सोबत यंदाच्या आठ खेळाडूंची यादी आहे. निमंत्रणं दरवर्षीप्रमाणे तुझ्याच अक्षरात जाऊ देत. अश्विनदादाला नमस्कार. त्याच्या रोशनीला म्हणावं, मैदान वेळेत तयार कर.

लोभ आहे त्यात वाढ झाली तर मी नाही म्हणणार नाही.

तुझा,
रुपेश


आंजी (मोठी),
१६ मार्च

चि. रुपेशला अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावलं. गुडघ्याचं मी आईला सांगितलं नाही, तिनं ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तेल कुरियरनं निघालं आहे.

तुझा इतिहास असा. २०१७च्या मे महिन्यात नागपूरचं मैदान दुरुस्तीसाठी बंद होतं. तुमचा हंगाम संपला होता आणि आमचाही. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटल्या, पेरणीपर्यंत वावर मोकळं. नागपूरला मामाकडे राहून दुसऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या उचलणारा तू नुकताच व्यावसायिक खेळाडू झाला होतास. तीन मित्रांना घेऊन आलास, वावरात खड्डे केलेस आणि त्यांत आईचे चांगले डबे पुरलेस. हिरवळ कुठली आणणार? म्हणून प्रत्येक डब्याभोवती जळकं तेल मिसळलेल्या वाळूचा गोल केला. त्याला तुम्ही ब्राऊन म्हणता. बाबांनी तेव्हा विचारलं होतं, गेंद गड्ड्यातच टाकायचा हाय तं इतक्या दुरून काऊन मारून राह्यला, जवळ जाऊन टाक नं. त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

बक्षीस म्हणून आईनं घरच्या कापसाची गादी भरून दिली. कोलकात्याचा मोतीलाल ती डोक्यावर घेऊन गाडीत बसला आणि पुढच्या वर्षी त्यानं होळीपासूनच फोन सुरू केले, यंदाही गादी आहे ना म्हणून. तेव्हापासून देशातले नावाजलेले खेळाडू आपल्या या भाजक्या उन्हात येतात. पहाटे खेळतात, दुपारी निंबाखाली लवंडतात, ऊन कललं की उरलेलं खेळतात. तिसऱ्या वर्षी शेजारचे रूपरावकाका काठी घेऊन दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभे राहिले, तुमचे गेंद आमच्या वावरात येऊन राह्यले म्हणून. खरा राग निमंत्रण न मिळाल्याचा होता. आता पहिलं निमंत्रण त्यांच्याच घरी जातं आणि आनंदाकाकू सगळ्यांना ताक पाठवतात.

२०२० साली बाहेरचं कुणी येऊ शकलं नाही. तू टाळेबंदीत इथेच अडकला होतास आणि रोशनी चौदा वर्षांची होती. गोल्फची काठी धरायला तू तिला तेव्हा शिकवलंस, आणि मे महिन्यात तुम्ही दोघांनीच स्पर्धा खेळलीत. विजेत्यांच्या फलकावर त्या सालापुढे तू ‘स्पर्धा नाही’ असं रंगवून घेतलं आहेस. मी इतिहासाची मास्तरीण आहे. स्पर्धा झाली, असंच मी लिहिणार.

आता यादी. सात पाहुणे आणि आठवा तू. या हिवाळ्यात रोशनी पात्रता फेरी पार करून व्यावसायिक खेळाडू झाली, तेव्हा तू बंगळुरूत पेढे वाटलेस. मग तिचं नाव कुठे आहे? घाईत राहिलं असेल तर लगेच कळव. तोवर निमंत्रणं थांबवली आहेत.

तुझ्यावर लोभ आहे म्हणून विचारते, नाहीतर गप्प बसले असते.

नंदाताई


बंगळुरू,
२४ मार्च

ती. नंदाताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

तेल पोचलं. सगळी खोली आईसारख्या वासाची झाली आहे.

ताई, तू उगीच मनाला लावून घेतलंस. घरच्या माणसाला कुणी निमंत्रण देतं का? लग्नाची पत्रिका आपण कधी आपल्याच दारात टाकली आहे? रोशनी घरची, मैदान तिचंच. ब्राऊन तिच्यासारखे कुणाला जमत नाहीत, पाहुण्यांना काय हवं-नको ते तिला ठाऊक. ती खेळायला उतरली तर हे सगळं बघणार कोण?

आणि दुसरंही सांगतो. त्या उन्हात आठाच्या वर खेळाडू झेपत नाहीत. यादीतल्या कुणाला गाळू? वर पुतणीला घेतलं तर लोक म्हणतील, रुपेशनं घरच्या घरात वाटून घेतलं. आपल्या माणसाला जरा काही मिळालं की लोक कसा जाब विचारतात, ते तुला मी सांगायला नको. तिच्या नावावर दोन-चार निकाल लागू देत, पुढच्या वर्षी बघू.

रागावली असशीलच. तरी निमंत्रणं धाड, आणि लोभात खंड नको.

रुपेश


आंजी (मोठी),
१ एप्रिल

चि. रुपेशला आशीर्वाद. या वेळी एकच, आणि तोही आईच्या सांगण्यावरून.

निमंत्रणं धाडली, सात. आठवं लिहिलं नाही, कारण तू घरचा. घरच्याला निमंत्रण नसतं म्हणतोस, पण जागा मात्र असते, हे तुझ्या लक्षात आलं का? आम्ही बायका घरच्या झालो की तेवढी जागाच जाते. लोक काय म्हणतील याचा विचार बाबांनी केला असता तर तू आज दादासोबत वखर हाकत असतास. हक्काचं मागायला लाजू नये, हे आपण याच घरात शिकलो. पोरीला निराळं शिकवायचं का?

तुझं पत्र मी सगळ्यांदेखत वाचलं. रोशनी ब्राऊनची वाळू चाळत होती, तिनं चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, काकाले लिही आत्या, मले कोणाच्या दयेची जागा नाई पाह्यजे, आन् पुढच्या वर्षीचं त मले सांगूच नोको. आठवी जागा काकाची हाय नं? मंग काकानं त्या जागेसाठी माह्यासंग खेळावं. जो जिंकन तो उतरन. हारली त ब्राऊन मीच करीन, अन् तोंडातून शब्द नाई काढणार.

मी तिच्या बाजूनं आहे. भीमजयंतीला तू येतोसच, दुसऱ्या दिवशी सकाळी खेळा. नाही म्हणालास तर मी पाहुण्यांना कळवून टाकीन की यंदा मैदान नाही. वावर दादाचं आहे, ट्रॅक्टरवाल्याशी बोलून ठेवलं आहे, स्पर्धेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, आधीच नांगरून टाकू. ही धमकी समज.

लोभ आहेच, सध्या तो तुझ्या पुतणीकडे झुकला आहे.

नंदाताई


बंगळुरू,
१९ एप्रिल

कु. रोशनी अश्विन ताकसांडे,
व्यावसायिक गोल्फ खेळाडू,
आंजी (मोठी), जि. वर्धा

सविनय जयभीम, वि. वि.

आमची निमंत्रितांची स्पर्धा बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सुरू होत आहे. तीत आपण खेळावे, ही विनंती. आठवी जागा आपण माझ्याशी खेळून मिळवली आहे आणि ती आपल्या नावे पक्की केली आहे.

इथवर रीत झाली. बाकीचं काका म्हणून लिहितो. दादाला वाटतं, मी तुला जिंकू दिलं. तसं नाही. मी जीव तोडून खेळलो. शेवटच्या ब्राऊनवर माझा चेंडू डब्याच्या काठाशी थांबला आणि तुझा सरळ आत गेला, तेव्हा मला आनंद झाला नाही, खोटं कशाला सांगू? आनंद नागपूर स्टेशनवर आल्यावर झाला, तोही हळूहळू. लोक काय म्हणतील असं मी ताईला लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. दिवाळीत तुला खेळताना पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं की तू माझ्या पुढे गेलीस. मला आपल्या वावरात, आपल्या माणसांसमोर मागे पडायचं नव्हतं. म्हणून तुला वाळू चाळायला ठेवलं.

यंदा ब्राऊन मी करीन. चार दिवस आधी येतो.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
रुपेश


आंजी (मोठी),
२४ एप्रिल

ती. काकास सा. जयभीम, वि. वि.

निमंत्रण मिळालं. पोस्टमननं ते रूपराव आजोबांकडे दिलं होतं, त्यांनी बंद पाकीट गावभर दाखवून मग घरी आणलं. बाबांनी ते उभ्यानं वाचलं आणि गोठ्याकडे गेले. आत्या वाचायला लागली आणि पहिल्या तीन ओळींवरच थांबली. मी मात्र शेवटपर्यंत वाचलं, आणि रडले.

तुम्ही मला जिंकू दिलं, असं मला कधीच वाटलं नाही. तुमचं तोंड मी पाहिलं होतं. काका, तुमचा खूप राग आला होता. काठी तुम्हीच हातात दिली आणि तुम्हीच म्हणालात की घरचीच आहे, बसू दे. आता राग बराच उतरला आहे, उरलेला शनिवारी कामी येईल.

तुम्हाला वाईट वाटलं म्हणून जागा परत करणार नाही. निमंत्रण मला मान्य आहे. मी जिंकायला येते आहे.

आशीर्वाद असावा. तो द्यायला जड गेला, तरी द्या.

आपली,
रोशनी अश्विन ताकसांडे,
व्यावसायिक गोल्फ खेळाडू