कापड्याच्या लग्नात साखरबंदी

महाड, १२ मे १९६१

ती. अक्कास,

गंगाधरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? पुण्याची कोरडी हवा त्यांना मानवते, असं मागे लिहिलं होतंस. इथल्या घामट हवेत आम्हांला काहीच मानवत नाही. अक्षर भोपळ्याएवढं काढलंय, रागावू नकोस. बारीक काढलं तर माझं मलाच दिसत नाही. (ओळी डोंगर चढताना दिसतील, तशाच वाच.)

तू विचारतेस, मधुमेहाची काळजी घेतोस ना? अगं, घेतो की! पण ही काळजी डोळसांसाठी केलेली आहे. डॉक्टर म्हणाले, साखरेने डोळ्यांचे पडदे खराब झालेत, आता तरी ती ताब्यात ठेवा. ती ताब्यात आहे हे कळायचं कसं? तर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर उत्तम, हिरवा-पिवळा झाला तर जपून, विटकरी झाला तर कठीण. म्हणजे डोळे वाचवायचे तर आधी डोळे हवेत! मला सगळेच रंग गढूळ दिसतात. तुझ्या भावजयीला, कालिंदीला, विचारलं की ती रोज "हिरवट" म्हणते. एकदा शेजारच्या मुरारीशेटना नळी दाखवली. (त्यांचं कापडाचं दुकान आहे. नळीत काय आहे ते मी सांगितलं नव्हतं. ते वास घ्यायला निघाले तेव्हा हिसकावून घेतली.) उजेडात धरून म्हणाले, "गुरुजी, केतकी आहे, पण शेंदरी झाक मारतोय. लुगड्यात फार खपतो." आता केतकीला इन्शुलिन किती, हे काही डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

परवा कापडे गावी माझा जुना विद्यार्थी कोंडाजी याच्या लेकीचं लग्न होतं. निघायच्या गडबडीत इन्शुलिनची पिचकारी मीच अंदाजाने भरली. (तिच्यावरच्या रेघा केसाएवढ्या.) मांडवात शिरताच कालिंदीने कोंडाजीच्या आईला, राहीबाईला, बजावलं की यांना साखरेचा आजार आहे, काही झालं तरी गोड देऊ नका. बाईंनी ते अख्ख्या गावाला बजावलं. इकडे वऱ्हाडाची गाडी आंबेनळी घाटात बंद पडलेली. नवरामुलगा आल्याशिवाय पान कसं मांडणार? इन्शुलिन अंगात आणि जेवण चुलीवर! मला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. मग म्हणे मी वाजंत्रीवाल्यांना ओळीत उभं करून पाढे म्हणायला लावले. (त्यांनी म्हटलेही.) साखर एकदम उतरलीय हे कालिंदीने ओळखलं आणि ती ओरडली, "साखर आणा, आधी साखर!" कोणी हलेना.

राहीबाई म्हणाल्या, "बाय, तुमीच मगाशी बोललात ना, काय पण झाला तरी गोड नाय द्यायचा?"

"आता द्या!"

"नाय गो बाय, तुमी घाबरल्याव. गुरुजींचा जीव आमच्या हाती हाय."

दोन गडी तर मुदपाकखान्यासमोर आडवे उभे राहिले. मी मांडवाच्या खांबाला टेकून खाली घसरलो. तेव्हा आपली कालिंदी, जिचा आवाज कधी ओटीपर्यंत आला नाही, ती त्या दोघांना कोपरांनी ढकलून आत घुसली. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या तोंडात गुळाचा खडा आणि तिची दोन बोटं होती. ती रडत होती. ते बघून राहीबाईही रडायला लागल्या. नवऱ्यामुलाआधी औक्षण माझंच झालं.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर परत आलाच नसतात. असो. बाकी सर्व क्षेम. डोळे दाखवायला पुण्याला ये म्हणतेस, पण एवढी काही घाई नाही.

तुझा,
गंगाधर

ता. क. अक्का, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून हळूच लिहिते. पिचकारी त्यांनी नाही, मी भरली होती. मला बरेच दिवस धुरकट दिसतंय. नळीतला रंगही कळत नाही, म्हणून आपलं हिरवट म्हणते. त्यांना सांगू नका. त्यांना माझ्या डोळ्यांचाच धीर आहे. – कालिंदी

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवतो म्हणून पत्र परत मागून घेतलं. खाली काहीतरी बारीक लिहिलेलं दिसतंय. वाचता येत नाही, पण काय असेल ते ठाऊक आहे, पिचकारीचंसुद्धा. हल्ली ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघांची वेळ ठरव. तिला एवढंच सांगितलंय की मला एकट्याला प्रवास झेपत नाही, सोबतीला चल. – गं.