राणीच्या पाटामागं उभं कोण राहणार

म्हसवडच्या वस्तीवरनं तीर्थस्वरूप तानाजीदाजींच्या पायावर मेव्हण्याचं, म्हंजे कृष्णातचं, डोकं.

तुमचा गुडघा, आक्काचं बीपी आन् उसाची लागण, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडं आमी समदी बरी हाय. आईला डोळ्यानं कमी दिसतंय, पण शेळी कुणाच्या रानात शिरली ते अजून तिलाच आधी कळतं. फोन तुमी उचलत न्हाई म्हणून कागद घेतलाय. राणीच्या लग्नाचा तुमचा निरोप पोचला. मामा म्हणून नवरीच्या मागं मी धाकट्यानं उभं राहायचं आन् थोरल्या केरबादादानं तुमच्या कुंडल गावात पाय ठेवायचा न्हाई. बरं. तुमचंबी एका परीनं खरं हाय. पाण्याच्या पाळीवरनं दादानं खोऱ्याचा दांडा घातला, समोरच्याचा हात कायमचा गेला, दादानं सात वर्षं जेल भोगली. सोयऱ्यांत तोंड तुमाला दाखवायचं हाय. मी कोट शिवायला टाकलाय (बगलंत धरतोय, पण शिंपी म्हणतो, लग्नात हात वर कशाला करायचाय).

आता दादा सुटून आल्यापास्नंची हकिकत. आल्या दिवशी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आन् आमाला ताकीद दिली की त्येला काय विचारायचं न्हाई. आमी ती इतकी पाळली की जेवलास का हेबी कुणी विचारलं न्हाई, आन् माणूस पहिल्याच दिवशी उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी खोलीतनं भाईर येईना. दार नुसतं लोटलेलं, कडीबी न्हाई. सोनम (आमची मंडळी) म्हणाली, भावजी रागावलेत. मी म्हणलं, झोपू दे. शेवटी आईनं दार ढकललं, तर हा टॉवेल खांद्यावर टाकून दारापुढं उभा. कवापास्नं उभा होता कुणास ठाऊक. "कुणी उघडलंच न्हाई," म्हणाला. मग त्येचं त्येलाच कळलं आन् तो हसला. आमी कुणी हसलो न्हाई. सात वर्षं दार दुसऱ्यानं उघडायचं असतं, दाजी. हाताला सवयच उरली नव्हती.

आईनं दुपारी आकाराम सुताराला बोलावलं आन् घरातली झाडून समदी दारं काढायला लावली. पुढचं, मागचं, खोल्यांची. मला वाटलं एवढ्यावर भागंल, तर संडासाचंबी. मी म्हणलं, आई, त्याचं तरी राहू दे. ती म्हणाली, "का? तितं त्येला कोण उघडणार हाय?" मी बीए झालेला माणूस, पण संडासाचं दार मीच धरून सुताराला काढू दिलं. कुणी विचारलं तर आई सांगते, दारांना वाळवी लागली.

सोनमनं संडासाला घोंगडं टांगलं. आता जायचं तर खोकत जायचं आन् बसल्यावर खोकत राहायचं. त्यामुळं आमच्या घरात साथ आली असा बोभाटा झाला आन् आशाताई औषधं घेऊन हजर. कळपातल्या एडक्याला मात्र खोकल्याचं कळत न्हाई. त्यो हलणारं घोंगडं बघतो आन् टक्कर देतो. आत मी होतो. (जास्त लिवत न्हाई, पत्र आक्का वाचून दाखवणार.) कोंबड्या पिठाच्या डब्यात अंडी घालत्यात, शेळीनं माझी इस्त्रीची विजार खाल्ली. चोरी मात्र एक न्हाई. वस्तीत दोन घरं फुटली, पण सताड उघड्या घराकडं कुणी फिरकलं न्हाई, कारण आत कोण निजलाय ते समद्यांना ठावं हाय. दादाचा एवढा उपयोग.

पण खरं सांगतो, आईपुढं मी थक्क झालोय. महिनाभर दादा अंगणापुढं गेला न्हाई. आन् एक दिवस उठून बघतो तर त्येचं अंथरूण मोकळं, वाड्यातली मेंढरंबी न्हाईत. मी मोटरसायकल काढली. आई चुलीपुढनं उठलीबी न्हाई. म्हणाली, "गप बस. तू शोधून आणलास तर त्येला कुणीतरी आणल्यागत हुईल. त्येचा त्येला येऊ दे." दिवसभर तिनं एकदा वाटंकडं बघितलं न्हाई, पण भाकरी तीन वेळा करपवल्या. दिवस बुडता बुडता कळपामागनं दादा आला, काखंत नुकतं जल्मलेलं कोकरू. आई म्हणाली, "हातपाय धू." बास, एवढंच. असलं माणूस आपल्या घरात हाय आन् मला आजवर ते फक्त शेळ्या राखणारी म्हातारी वाटत होतं. मला रडू आलं, आन् दारं नसल्यानं ते समद्यांनी बघितलं.

राणीला माझा आशीर्वाद, आक्काला नमस्कार, तुमी गुडघा शेकत चला.

तुमचा कृष्णात

ता. क. वर 'बरं' लिवलंय ते खोडलं असं समजा. थोरला मामा जिता असताना धाकट्यानं मागं उभं राहायचं हे आईला पटत न्हाई, आन् मलाबी न्हाई. दादाला उभं राहू द्या. हेच मागायला कागद घेतला होता, संडासाचं आपलं ओघात आलं.

आणखी ता. क. हे दादाला कळलं. तो म्हणतो, दाजींना अडचणीत टाकू नगा, मी मांडवाच्या भाईर उभा राहून अक्षता टाकीन. आई म्हणाली, मग मीबी तितंच. मी म्हणलं, मीबी तितंच. तवा आत मामा म्हणून दुसरं कुणीतरी बघून ठेवा.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तवर राणीचा फोन आला. तिनं थोरल्या मामालाच बोलवायला सांगितलं. दादानं फोन परत माझ्याच हातात दिला, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. पोरगी म्हणाली, "मामा, तुमी जितं उभं राहाल, तितं मी माझा पाट मांडायला सांगणार हाय." तवा दाजी, मांडव जरा भाईरपतोर वाढवून घ्या.