येळवशीपर्यंत काठी

मार्गशीर्ष शु. ५, मंगळवार. जळकोट.
सौ.नं आज जाहीर केलं, येळवशीला, अवसेच्या पूजेला, शेतात येणार नाही. खुब्याचं ऑपरेशन होऊन अख्खा पावसाळा गेला. घरात भिंत धरून फिरते. पण दवाखान्याची ती चार पायांची स्टीलची काठी घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. "ती धरून निघाले की गल्ली म्हणंल, मास्तरीनबाई खाटेसकट आल्या."
सडकेपासून शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत बांधाचीच वाट, गाडी जात नाही. बालाजी म्हणाला, आई, मी उचलून नेतो. तिनं नुसतं बघितलं. पोरगं दोन पोरांचा बाप, मुकाट्यानं हात धुवायला गेलं.
लग्नापासून एक येळवस चुकली नाही तिची. कोपीत मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांना हळदकुंकू तिच्याच हातचं. ती नसली तर आम्ही काय, नुसते भज्जी खायला जाणार?
सांगून टाकलं, चालत येशील. लाकडाची काठी मी करतो.
"तुम्ही? जन्मभर खडू धरला."
करतो म्हणजे करतो.

शु. ८, शुक्रवार.
माळ्यावरून बोरीची फांदी काढली. उन्हाळ्यात बांधावरची बोर छाटली तेव्हाच डोळ्यात भरली होती. वरच्या टोकाला मुठीपुरता बाक, देवानंच दिलेला. दोन्ही टोकांना शेण थापून ठेवलं होतं, म्हणून कुठं चीर नाही. वडील असंच करायचे.
साल काढली. गाठी कानशीनं घासल्या. चौथीच्या वर्गाला शिकवायचो त्या कविता आपोआप तोंडात आल्या. चाल संथ असली की कानस लांब चालते, चाल उडती असली की हात चुकतो. ढलप्यांचा वास... शाळेत पहिल्या दिवशी नवे बाक आले होते, तसा.

शु. ११, सोमवार.
मधे वाक होता. गोवऱ्यांच्या आरावर शेकली, ओलं गोणपाट गुंडाळलं, दारच्या लिंबाच्या बेचक्यात अडकवून अंगाचा भार टाकला. वाक निघाला. एका जागी करपली, ते काचेच्या तुकड्यानं खरवडून काढलं.
सौ. खिडकीतून: "काठी करून राहिलेत का भाकर भाजून राहिलेत?"
माप घ्यायला बोलावलं तर उठेना, झाल्यावर बघू म्हणाली. नसू दे. तिचं माप मला पाठ आहे. अंतरपाटाच्या वरून कपाळ दिसत होतं तिचं, एवढी उंच. मामा कौतुकानं म्हणाले होते, पोरगी नवऱ्याच्या कानाला लागते. माझ्या मापात चार बोटं कमी धरली, झालं.

पौर्णिमा, शुक्रवार.
जवसाचं तेल दोनदा पाजलं. रंग आला, मुरलेल्या गुळासारखा. जुन्या पाइपाचा तुकडा तापवून टोकाला टोपणासारखी शेंबी बसवली. पक्की.
दोन ओळी सुचल्या:
काटे सारे गळून गेले, बोरी, तुझ्या फांदीचे,
हात धरूनी चाल आता, दिवस आले थंडीचे.
"फांदीचे–थंडीचे" जमलं. वर्गात असतो तर फळ्यावर लिहिलं असतं.

व. ३, सोमवार.
दिली काठी. मुठीवरून अंगठा फिरवला तिनं, दोनदा. आवडली. मग टेकून उभी राहिली, तर कोपर वर, खांदा कानाला.
"कुणाच्या मापाची केली?"
तुझ्याच, म्हटलं.
"मी एवढी न्हाई राहिले."
जरा ताठ उभी राहा, असं बोलून गेलो. राहायला बघितलं तिनं. खरंच बघितलं. मग खाटेवर बसली आणि मेथी निवडायला घेतली.

व. ८, शनिवार.
काठी कोपऱ्यात. ती म्हणते कापा, मी म्हणतो शेंबी पुन्हा बसणार नाही, तेल पुन्हा पाजावं लागेल, कापलेलं लाकूड जोडता येत नाही. कारणं सगळी खरी. पण करवत हातात घेतली की अंतरपाटावरचं ते कपाळ दिसतं.
बालाजी म्हणाला, अण्णा, मी कापू का? त्याला नाही म्हटलं.
संध्याकाळी ती स्वतःच चप्पल घालून भिंतीला उभी राहिली. हात खाली सोडला, मनगटापाशी बोट दाखवलं. "हितं खूण करा. आणि माझ्याकडं बघून करा, डोळे मिटून न्हाई."
बघितलं. पेन्सिलीनं खूण केली. माझ्या खांद्याच्या वर आली नाही ती आता. बरं, नाही तर नाही.

व. ९, रविवार.
सकाळीच कापली. एका दमात, सरळ. शेंबी तापवून पुन्हा बसवली, पहिलीपेक्षा घट्ट बसली. कापलेला तुकडा सूनबाईनं बंबात घातला. माझी आंघोळ त्याच्यावर झाली.
सौ. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. शेजारणीनं विचारलं, काठी उदगीरहून आणली का? "न्हाई, घरचीच हाय," म्हणाली. सुरात थोडी ऐट होती. माझ्यापर्यंत बरोबर पोचली.

व. १४, शुक्रवार.
घर आंबलेल्या ताकाच्या वासानं भरलंय. आंबिलीचा माठ, बेसन लावलेली शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. ती स्टुलावर बसून सगळ्यांना कामाला लावून राहिली. उद्या येतेस ना, विचारलं नाही. साडी काढून ठेवलेली दिसली.

अमावस्या, शनिवार. शेतात.
कोपीला टेकून लिहून राहिलो. ऊन डोक्यावर.
सडकेपासून निम्म्या बांधापर्यंत आली, एकटी. पुढं शेजाऱ्याच्या हरभऱ्याचं पाणी फुटून वाटेवर चिखल झालाय. काळ्या मातीचा चिखल, चप्पल ओढून घेणारा. अलीकडच्या दगडावर बसली. बालाजी न्यायला गेला तर परत पाठवला. निरोप दिला: "पूजा मांडून ठेवा, हळदकुंकवाला हात लावू नका."
नातवंडं भुकेली. सूनबाई म्हणते, मामंजी, आम्ही उरकून घेऊ का? नाही म्हटलं. पानं मांड, पहिलं तुझ्या सासूबाईंचं.
उठली.
शेंबी रुतली, ती उपसून बाजूच्या गवतावर टेकली. हां, तिथं घट्ट आहे. एक पाय चिखलात. दुसरा... थांबली.
बालाजी पुन्हा निघाला होता. डाव्या हातानं त्याचा सदरा धरून ठेवलाय, उजव्यानं हे लिहितोय.