गाडीचा सोमवार

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुरुम, ५ फेब्रुवारी २०२५

ती. भुवनेश्वरी अक्कास,
धाकट्या श्रीशैलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून हसू नको. कॉलेज सोडलं त्या भांडणात मोबाईल मीच विहिरीत फेकला, नि अप्पा नवा देत न्हाईत. आता पोस्टमन हाच माझा मोबाईल.

अक्का, मला गाडी घ्यायची आहे. उमरग्याच्या शोरूममध्ये एक लाल आहे, दबा धरून बसल्यासारखी. काचेतून तिच्याकडं बघत उभा राहतो, काचेत माझंच तोंड दिसतं, दोन्ही एकात एक मिसळतात नि एसटी निघून जाते. चालवायला अजून येत न्हाय, पण झोपेत रोज चालवतो. रस्ता पाण्यासारखा मऊ असतो. मागं शिवप्रिया असते.

शोरूमच्या समोर चष्म्याचं दुकान आहे, तिथं ती काम करते. तिला सरळ विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. ती म्हणाली, सोमवारी मला सुट्टी असते, तुझ्या गाडीवर नळदुर्गच्या किल्ल्यात ने, तिथं पाण्यापाशी बसून सांगते. आता सांग, गाडी पाहिजे का न्हाय?

अप्पा गाडी घेऊन द्यायला तयार आहेत, पण अट घालतात. सोमवार नंदीचा, त्या दिवशी आपले बैल जुंपत न्हाईत, तशी गाडीही सोमवारी सुरू करायची न्हाय म्हणे. इंजनाला कसला आलाय सोमवार! तूच समजाव त्यांना. दाजींना नमस्कार.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
श्रीशैल

कळंब, १० फेब्रुवारी २०२५

चि. श्रीशैल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी मोठ्यानं वाचलं. रस्ता पाण्यासारखा मऊ असतो इथं ते थांबले नि म्हणाले, पोराला आधी कळंबचा रस्ता दाखवा.

लाल गाडी मी इथं पाहिली आहे. तिच्या मागचं शीट पाटाएवढं, तेही चढावर. साडी नेसून त्यावर बसायचं म्हणजे कसरतच. शिवप्रियेला विचारलंस का? आधी गाडीवर नुसता बस. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का बघ, कारण उंचीच्या बाबतीत तू आईवर गेलास. मी शिकले तेव्हा दाजी एकच सांगायचे, पहिली गाडी पडतेच, म्हणून आपल्या एकट्याला उचलता येईल अशीच घ्यावी. हेल्मेट दोन घे. नि लायसन पक्कं होईपर्यंत मागं कुणाला बसवायचं नाही, मग ती शिवप्रिया असली तरी.

अप्पांना मी समजावणार नाही. तूच शांतपणे बोल. शांतपणे म्हणजे कसं, हे दाजी शिकवायला तयार आहेत.

तुझी काळजी वाहणारी,
अक्का

मुरुम, १६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न.

शांतपणे काही झालं न्हाय.

अप्पांबरोबर शोरूमला गेलो. लाल गाडीवर बसलो तर पायाची बोटंच टेकली. गाडी हळूच कलली, नि मी उभ्या जागी आडवा. मला उचलून अप्पा दुसऱ्या गाड्यांभोवती बैलबाजारात फिरावं तसे फिरले. एकीचं हँडल धरून तिला मागं-पुढं ढकलून बघितलं, म्हणाले, ही तुझ्या ताब्यात राहील. निळी आहे, हलकी, लांब सपाट शीट. बसलो तर पाय पूर्ण टेकले. खरं सांगू? ती मलाही आवडली.

तेवढ्यात अप्पांनी तिच्या टाकीला विभूती लावली, नि सगळ्यांदेखत परत सोमवार काढला. माझं डोकं फिरलं. ही गाडी आहे, बैल न्हाय, असं इतक्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या दुकानातनं शिवप्रिया बाहेर आली. अप्पांना तिथंच सोडून मी स्टँड गाठलं.

गाडी टेम्पोतनं घरी आली. गोठ्यात बैलांशेजारी उभी आहे, हँडलला गोंडा बांधून. सकाळी माळावर शिकतो. पण अप्पांशी बोलत न्हाय. चोवीस तारखेच्या सोमवारी ते शेतावर गेले की गुपचूप काढणार आहे.

तुझ्या भरवशावर,
श्री

कळंब, २० फेब्रुवारी २०२५

चि. श्री यास आशीर्वाद.

गुपचूप काही करू नकोस. ती पोरगी दारात उभी राहून तुझं ओरडणं ऐकत होती. तिला तुझ्या मागं बसायचंय, ते एका दिवसापुरतं नाही. तिला काय वाटलं असेल, याचा विचार केलास? आधी तिला खरं सांग, आमच्या घरची गाडी सोमवारी निघत नाही म्हणून. मग ती काय म्हणेल ते म्हणेल.

नि अप्पांवर एवढा राग का रे? ते सोमवारी बैलांना जुंपत नाहीत, पण दावणीला बांधूनही ठेवत नाहीत. कासरा धरून नदीवर नेतात, धुतात. लहानपणी त्या पाण्यात तू तासन्‌तास बसायचास, ओढून काढावं लागायचं.

उत्तर लवकर पाठव, जीव टांगणीला आहे.
अक्का

मुरुम, २५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास श्रीशैलचा मनापासून नमस्कार.

तिला सांगितलं. एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची काडी बसवत होती. ऐकून नुसती काच पुसत राहिली. मला वाटलं, संपलं. घरी आलो नि अप्पांशी बोललो, कारण दुसरं कोण होतं!

काल सोमवारी सकाळी ती आमच्या दारात. एसटीनं आलेली. अप्पा बैल सोडत होते. त्यांना नमस्कार करून तिनं आपण गुंडाप्पांची मुलगी असं सांगितलं, नि विचारलं, गाडी सुरू न करता नुसती हातानं पाण्यावर नेली तर चालेल का? अप्पांनी डोकं खाजवलं. म्हणाले, बैल नेतोच की, तिलाही न्या.

मग निघालो. पुढं अप्पा नि बैल, मागं हँडल धरून मी, शीटवर हात ठेवून ती. घंटा वाजत होत्या, साखळी हळू कटकटत होती, धुळीवर ऊन तरंगत होतं. इतका हळू मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो. नदी जवळ आली तेव्हा वाटलं, अजून थोडी लांब पाहिजे होती. बैल पाण्यात शिरले. आम्ही काठावर गाडी धुतली. निळ्या टाकीत आभाळ दिसायला लागलं, त्यात आम्ही दोघं.

मग आरसा ओढणीनं पुसत ती म्हणाली, त्या दिवशी तुझं ओरडणं ऐकून मला भ्या वाटलं होतं, परत तसं ओरडलास तर मी गाडीवरनं उतरून चालायला लागेन. नि म्हणाली, मालकाला सांगून पुढच्या आठवड्यापासून सुट्टी मंगळवारची करून घेतली आहे. ज्या घरात गाडी जन्मभर सोमवारी बसून राहणार, तिथं यायचं तर आपलाच वार बदललेला बरा.

मी धुतलेली गाडीच परत धुवायला लागलो, अक्का.

आजवर तुझा लोभ माझ्या एकट्यावर होता, आता तो दोघांवर असू दे.

तुझा,
श्रीशैल